रिकाम्या मोंढ्यातला सौदा

मंदीच्या त्या वर्षी कळंबच्या मोंढ्यात धान्य येणं थांबलं, सौदा मात्र रोज व्हायचा.

माझे वडील तिथल्या हमालांचे मुकादम. अक्षरं मी त्यांच्या संघटनेच्या पत्रकांवरून शिकले. 'शोषण' हा शब्द मला 'शाळा'च्या आधी वाचता आला. त्या वर्षी तेलाच्या गिरण्या बंद पडल्या, खरेदीदार फिरकेनात, आडतीची शटर एकामागून एक खाली आली. मग बाजार समितीनं तोंडी कळवलं, की सौदे होणार नसतील तर मोंढ्याला कुलूप लावू, जागा दुसऱ्या कामाला देऊ. हमालांना दुसरं कामच उरलं नव्हतं. तेव्हा वडिलांनी तोड काढली. घराघरातून चार-चार मुठी तूर गोळा केली, शेडमधल्या ओट्यावर तिचा ढीग घातला आणि रोज सकाळी तिचाच सौदा लावला. पुकारायला एक म्हातारा आडत्या यायचा. खरेदीदार म्हणून हमालच उभे राहायचे.

सुरुवातीला हसाहशी चालायची. "शेठ, आज लई पैका काढलाय बाहेर!" "मग? बंगला बांधायचाय मला, तुझ्यावानी पत्र्यात राहू व्हय?"

पुढं हसणं बंद झालं. कधी बंद झालं ते कुणाला कळलं नाही. मी वडिलांचा डबा घेऊन जायची तेव्हा बघायची. ढिगाभोवती माणसं गोल उभी. एकजण मूठभर तूर उचलायचा, तळहातावर चोळायचा, फुंकर मारून डोळ्यांजवळ न्यायचा. मग भाव बोलायचा. दुसरा चढवायचा. बाहेर सगळीकडं भाव पडलेले, आमच्या ओट्यावर मात्र तूर रोज चढत होती, एकदाही उतरली नाही. हातांनी चोळून चोळून दाणे काचेसारखे गुळगुळीत झाले होते. त्यांना तुरीचा वास राहिला नव्हता. शेडच्या पत्र्याखाली कबुतरं बसलेली असायची, पण त्या ढिगावर एकही उतरत नसे. सौदा पटला की तूर पोत्यात भरायची, काट्यावर ठेवायची, शेडच्या या टोकापासून त्या टोकाला न्यायची. अर्धंसुद्धा न भरलेलं पोतं, पण नेणारा पाठीत वाकायचा आणि खाली ठेवल्यावर घाम पुसायचा. घाम खरा असायचा.

निवडणूक आली. एक पुढारी मोंढ्यात येऊन सौदा बघून गेला, सोबत कॅमेरा. चौकातल्या सभेत तो म्हणाला, "कुठाय मंदी? तुमच्या मोंढ्यात तुरीला काय भाव फुटला, मी माझ्या डोळ्यांनी बघून आलोय!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यात आमचे हमालही होते. मी शेजारीच उभी होते. त्यांचे डोळे स्टेजकडं नव्हते, कशाकडंच नव्हते.

माझं डोकं फिरलं. हा सौदा खोटा आहे, असं पत्रक मी लिहिलं. वडिलांनी ते उभ्याउभ्या वाचलं.

"छापू नको."

"अण्णा, खोटं खपवून घ्यायचं न्हाय, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"शिकवलं की. पर हे छापलंस तर सांजच्याला कुलूप बसंल. मग ह्या माणसांनी जायचं कुठं? ते लिहिलंस का ह्याच्यात?"

ते लिहिलं नव्हतं. मी कागद घडी करून ठेवला.

आणि काही दिवसांनी खरा माल आला. येडशीकडची एक बाई टेम्पोतून तुरीची पोती घेऊन उतरली. त्याच सकाळी धाराशिवचा एक व्यापारीही चौकशीला आलेला. वडिलांनी धावपळ करून ओटा झाडून घेतला. पुकारा सुरू झाला. व्यापाऱ्यानं भाव सांगितला. मागून एक हमाल म्हणाला, "वर दहा."

"गप की रं!" वडील वळून ओरडले.

"वर वीस," दुसरा म्हणाला.

ते वडिलांकडं बघतच नव्हते. मुठीतली तूर चोळत होते, फुंकत होते. व्यापाऱ्यानं एकदा भाव वाढवला, मग हमालांच्या फाटक्या बनियनकडं नीट पाहिलं. "काय मुकादम, चेष्टा लावलीय व्हय?" म्हणत तो गाडीकडं निघाला. "अवो शेठ, थांबा की!" करत बाई मागं पळाली. गाडी गेली. शेडमध्ये भाव चढतच होता. परत येऊन तिनं मला हळूच विचारलं, "बाई, ह्यास्नी काय झालंय?"

तिची पोती टेम्पोत परत चढवली गेली.

दुसऱ्या दिवशी वडील म्हणाले, "ते पत्रक आण."

ओट्यावर उभं राहून त्यांनी ते अडखळत वाचलं. इथं धंदा नाही, पुढाऱ्यानं पाहिली ती आमची भीती होती, आम्हाला काम पाहिजे. शेवटी एक ओळ त्यांनी मनानं जोडली: आमी इथनं हलणार न्हाय. वाचून झालं. मागून आवाज आला, "वर दहा."

कुणी हसलं नाही. वडील खाली उतरले, त्या माणसाचा वर गेलेला हात त्यांनी धरला आणि खाली येईपर्यंत सोडला नाही. मग तूर ज्याची त्याला वाटून टाकली. सौदा झाला नाही.

दुपारी समितीचा शिपाई कुलूप घेऊन आला. हमाल फाटकाच्या मधोमध ओळीनं बसले होते, मीही वडिलांशेजारी. फाटक मिटायला जागाच नव्हती.

"मुकादम, सरका की जरा. मला वरून सांगितलंय."

"वरच्याला खाली पाठवून दे," वडील म्हणाले.

उन्हानं कुलूप तापलं, तसं शिपायानं ते रुमालात गुंडाळलं आणि आमच्यासमोर कट्ट्यावर बसला.