अनुभवाचा रकाना

करिअर समुपदेशनाचा अभ्यासक्रम संपवून मी नुकतीच एका केंद्रात रुजू झाले होते. चाचण्या कशा घ्यायच्या, बायोडेटा कसा लिहायचा, सगळं तोंडपाठ होतं. पहिल्याच आठवड्यात शोभाताई आल्या. पंचेचाळिशीच्या, नोकरीच्या शोधात.

"मागची बारा वर्षं काय करत होतात?" मी विचारलं.

"काहीच नाही. घरीच होते."

मी अनुभवाच्या रकान्यात 'नाही' लिहून पुढे सरकणार, तोच शेजारी बसलेल्या आमच्या ज्येष्ठ मॅडमनी मला हातानंच थांबवलं.

"घरी आणखी कोण असायचं?" त्यांनी विचारलं.

मी घाईनं पुढचा प्रश्न विचारणार होते. मॅडम मात्र नुसत्या थांबून राहिल्या.

"सासूबाई," अखेर शोभाताई म्हणाल्या. "अंथरुणाला खिळलेल्या. नळीतून भरवायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची. शेवटपर्यंत त्यांच्या पाठीला जखम होऊ दिली नाही मी."

मी 'नाही' खोडलं. प्रश्न विचारायला मी शिकले होते. पण माणूस स्वतःबद्दल 'काहीच नाही' म्हणतो, तेव्हा ते लगेच खरं मानायचं नसतं, हे माझ्या कुठल्याही पेपरात आलं नव्हतं. अशा किती जणींची वर्षं त्यांच्या स्वतःच्याच तोंडून पुसली जात असतील!

पुढे शोभाताईंना एका वृद्धाश्रमात काम मिळालं. पण मला आठवतो तो त्याच दिवसाचा क्षण. मी 'रुग्णसेवा, बारा वर्षं' असं लिहिलं, तेव्हा त्या कागदावर वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "हे कामात धरतात?"