आक्का 'पुरं' म्हणेपर्यंत

शिवाजी पेठेतल्या लिंगायत मठात दर रविवारी सकाळी पोरांचा वर्ग भरतो आणि तो शांतादेवी घेतात. त्यांच्याआधी कोण घ्यायचं, हे आता कुणाला आठवत नाही. सगळी पेठ त्यांना आक्का म्हणते. कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि आवाज असा की तालमीतला पैलवानसुद्धा दचकावा. पोरांना इष्टलिंगपूजा शिकवायची, वचनं पाठ करून घ्यायची, आंघोळ चुकवून कुणी आला तर त्याला तसाच माघारी धाडायचा. पूजेचा नियम एकच, पण कडक. डाव्या तळहातावर गळ्यातलं छोटं इष्टलिंग, नजर त्याच्यावर, आणि आक्का 'पुरं' म्हणेपर्यंत हात खाली आणायचा नाही. मग बाहेर भूकंप होऊ दे.

पण औंदा आक्कांचं घरच बदललं. लेकाला, सोमेशला, मुलगी झाली. नातीचं तोंड बघून आक्का हरखल्या, खोटं कशाला बोला? पण रजा संपली तशी सून विद्याश्री बँकेत परत रुजू झाली, सोमेशची एमआयडीसीत पाळी, आणि पोर म्हणजे रात्रीचं घुबड. मालीश, आंघोळ, शेक, दुपटी. साठी उलटल्यावर हे सगळं पहिल्यापासून करायचं म्हणजे थट्टा आहे होय? नवरा विरूपाक्ष मदतीला आहेत म्हणे. पोर रडलं की "अगं, भूक लागलीया बघ तिला," एवढं सांगायला ते कायम पुढं.

त्यांनीच एकदा विषय काढला. "बास कर की आता त्यो वर्ग. आरशात बघ जरा."

"आणि पोरास्नी कोण शिकवणार? तुम्ही?"

विरूपाक्षांनी पेपर तोंडापुढं धरला. आक्कांनी पेठेतल्या चार जणींना विचारून बघितलं होतं. प्रत्येकीनं कोपरापासून हात जोडले. म्हणजे आक्कांनी सोडला की वर्ग बंदच पडणार. जीव तुटत होता, पण अंगात त्राण उरलं नव्हतं. शेवटी ठरवलं, या रविवारी सांगून मोकळं व्हायचं.

रविवारी पोरं ओळीनं बसली. आधी पूजा होऊ दे, मग सांगू, असं म्हणत आक्कांनी उदबत्ती लावली. पोरांचे डावे हात छातीपुढं आले. आक्कांनीही तळहातावर इष्टलिंग घेतलं. डोक्यावर पंखा गार वारा घालत होता, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच कुणी रडत नव्हतं.

जाग आली ती कुणाच्या तरी नाक ओढण्यानं. मान वर केली तर उदबत्तीची राख झालेली आणि पोरांचे हात अजून तस्सेच वर! मृत्युंजयनं उजव्या हातानं स्वतःचंच कोपर सावरून धरलं होतं. सगळ्यात धाकट्या सौंदर्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, हात लटलटत होता, पण खाली आला नव्हता.

"पुरं! पुरं रे बाळांनो!" आक्का ओरडल्याच. "मला हाक का मारली न्हाईसा?"

"तुम्ही ध्यानात गेलतासा न्हवं?" मृत्युंजय कोपर चोळत म्हणाला.

सौंदर्या पुढं सरकली. "आक्का, द्येव दिसला काय?"

हो म्हटलं असतं तरी खपलं असतं. पण ज्या पोरांना आजवर खरं बोला म्हणून दरडावलं, त्यांच्या तोंडावर खोटं कसं बोलायचं?

"न्हाय गं बाई. झोप लागली हुती मला." आक्कांचा तो पेठभर ऐकू जाणारा आवाज पार बसला होता. "घरात बाळ हाय. रात्री डोळ्याला डोळा लागत न्हाय. दमले मी आता. फुडच्या रविवारपास्नं वर्ग बंद."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. आक्कांना त्यांच्याकडं बघवेना. त्यांनी उदबत्तीची राख उगीचच बोटानं गोळा केली.

"मग हितंच झोपत जावा की," सौंदर्या म्हणाली. "आम्ही गप बसतो."

"व्हय की," मृत्युंजय म्हणाला. "फकस्त आधी पुरं म्हणा, मग झोपा. हात लई दुखतोय."

आक्कांनी पदर तोंडाला लावला. हसू की रडू, त्यांनाच कळेना. मग पदर खाली आला.

"फुडच्या रविवारी आंघोळ करून यायचं," त्या म्हणाल्या. "न्हाईतर माघारी धाडीन."