एका कोयत्याचा भाव

उत्तरेश्वर पेंटरला भाव सांगता येत नसे. दहा वर्षांच्या ओळखीत मला सापडलेला त्याचा हा एवढा एकच दोष, पण त्यापायी मी त्याच्यावर जितका चिडलो तितका सख्ख्या भावावरही चिडलो नसेन. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या दोन्ही बाजू रंगवायच्या, मागे बैलजोडी काढायची, मालकाच्या पोरांची नावं वळणदार अक्षरांत टाकायची आणि शेवटी म्हणायचं, "द्या काय द्यायचं ते." केजच्या बाजारात असं म्हणणाऱ्याच्या हातावर लोक काय ठेवतात, ते मी सांगायला नको.

माझं तहसीलसमोर झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दुकानाला लागून बोळ आहे, तिथं त्याचे रंगाचे डबे असायचे. ट्रॉलीवर स्वतःच्या नावाखाली तो माझा नंबर टाकायचा, कारण त्याचा फोन दर दोन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या डब्यात पडायचा. त्यामुळं त्याचे फोन मी घ्यायचो, भाव मी ठरवायचो आणि पावतीही मीच छापायचो. बायको म्हणायची, "तुमी पेंटरचे मालक हाव का नोकर?" खरं सांगायचं तर मला त्याची चित्रं बघायला आवडायची. त्याचा बैल ट्रॉलीवरून उतरून पाण्याला जाईल असं वाटायचं.

तो धारूरकडच्या एका वाडीचा. आई-बाप ऊस तोडायला जायचे, त्यामुळं निम्मं बालपण साखर कारखान्याच्या आसपास, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपडीत गेलं. चुलीतल्या कोळशानं खताच्या रिकाम्या गोण्यांवर चित्रं काढायला तो तिथंच शिकला. लग्न झालं, आणि मग तो आणि मंगल तसेच निघाले. अकरा हंगाम दोघांनी मिळून ऊस तोडला.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. पैसे कोयत्यामागे ठरतात, ते नवऱ्याच्या हातात पडतात आणि मुकादमाच्या वहीत नाव त्याचंच असतं. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते, भाकरी थापते ते वेगळंच. वहीत मात्र ती नसते. आमच्याकडं यात कुणाला वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. हे आधीच कबूल करतो, कारण पुढं जे झालं त्यात माझाही हात आहे.

बाराव्या हंगामात एका सकाळी मंगल मोळी घेऊन फळीवर चढत होती. फळी दंवानं ओली होती. पाय सरकला. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती. नंतर उत्तरेश्वर मदतीसाठी अर्ज घेऊन हिंडला, तर प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर मिळालं, की कामावरच्या माणसांत या नावाची नोंदच नाही. पुढच्या वर्षी मुकादम घरी आला आणि म्हणाला, "आता अर्धा कोयता म्हणून चल." उत्तरेश्वरनं कोयता भिंतीला टांगला आणि ब्रश घेऊन केजला आला.

तेव्हापासून त्यानं बाईचं चित्र काढलं नाही. मोर काढायचा, बैल काढायचा, गिऱ्हाईकानं देवी मागितली तर नुसता त्रिशूळ काढून द्यायचा.

असं असताना मागच्या उन्हाळ्यात सत्यमचा फोन आला. हा सिरसाळ्याच्या एका बियाण्यांच्या दुकानदाराचा मुलगा. लहानपणापासून पुण्यात हॉस्टेलला वाढलेला, आता तिथंच नोकरी करतो. तो आणि त्याचे दोन मित्र पगारातून पैसे बाजूला टाकून एक मोबाइल गेम बनवत होते. गेम ऊसतोडीचा. हंगामाच्या सुरुवातीला घर सोडायचं, ऊस तोडायचा, ट्रक भरायचा, पाऊस-थंडी सोसून परत यायचं. गावी आला असताना त्यानं रस्त्यात उत्तरेश्वरची ट्रॉली पाहिली होती.

"काका, पुण्यातले आर्टिस्ट एका कॅरेक्टरचे वीस हजार मागतात," तो मला म्हणाला. "सगळ्या पोज धरून. आमच्याकडे गेमसाठी सगळे मिळून साठ हजार आहेत. आणि त्यांनी काढलेला माणूस ऊसतोड्या वाटतच नाही, जिममधून आल्यासारखा वाटतो."

मी फोनचा आवाज मोठा करून तो पेंटरसमोर धरला. सत्यमनं समजावलं, की एक बाप्या आणि एक बाई लागेल. प्रत्येकाची अठरा चित्रं. उभं राहिलेलं, चाललेलं, वाकलेलं, मोळी उचललेलं. मग कॉम्प्युटरवर ती जोडून माणूस हलता करायचा.

बाई म्हटल्यावर हा नाही म्हणणार, हे मी धरूनच चाललो होतो. त्यानं हातातला ब्रश पुसून डब्यावर आडवा ठेवला.

"ती चालंल का?" त्यानं विचारलं.

"चालेल ना. चालेल, बसेल, पाणी पिईल."

"मंग काढतो."

सत्यमनं भाव विचारला. उत्तरेश्वर म्हणाला, "एका कोयत्याचे पाच हजार द्या."

मी फोन हिसकावला. अरे, पुण्याचा माणूस वीस हजार म्हणतोय आणि हा पाच! तिथं उभ्या उभ्या घासाघीस करून मी भाव आठ हजारांवर नेला. सत्यम म्हणाला, पावतीवर कॅरेक्टर आणि संख्या लिहा, आमचा हिशोबाचा मित्र फार काटेकोर आहे.

"पेंटर, किती लिहू?"

"एक कोयता. एक लिव्ह."

मी लिहिलं: गेमची चित्रं, कॅरेक्टर एक, रुपये आठ हजार. तीन हजार वाढवून दिले या खुशीत मी त्या दिवशी सगळ्यांना भजी खाऊ घातली. पैशांचा घोळ मला कळला, पण फार उशिरा. आमच्या भागातल्या कुणालाही विचारा, नवरा-बायको किती? तो झोपेतही सांगेल, एक.

बाप्याची अठरा चित्रं आठ दिवसांत झाली. बाईला दीड महिना लागला. मंगलचा फोटो म्हणजे आधारकार्डावरचा तेवढा एक, त्यात ती कुणीतरी रागावल्यासारखी दिसते. ते कार्ड तो रोज समोर ठेवायचा आणि थोड्या वेळानं पालथं घालायचा. "ही ती न्हाईच, सलीमभाई," म्हणायचा. मग आठवून काढायचा. साडीवर घातलेला त्याचाच जुना चौकड्यांचा शर्ट, तुटलेल्या बटणाच्या जागी पिन, कानामागं खोचलेला पदर. एकदा म्हणाला, "ती चालताना डावा पाय जरा हळू टाकायची. हे मला आता ध्यानात आलं. अकरा वरीस संगं चाललो, तवा बघितलंच न्हाई." आणि माझ्यासमोर रडला. मी झेरॉक्सच्या मशीनशी उगाच खुडबूड करत राहिलो.

फळीवर चढण्याचं चित्र त्यानं बाप्याचं काढलं. बाईचं काढेना. सत्यमनं दोनदा मागितलं.

"ती फळीवर न्हाई चढणार," तो म्हणाला. "ती खाली उभी राहील. ह्यो चढंल, अन् ती खालून फळी धरील." तसंच चित्र त्यानं काढून दिलं. मी सगळी छत्तीस चित्रं स्कॅन करून पाठवली. पैसे आले. त्यातून त्यानं काही घेतलं नाही, फक्त एक नवा मोबाइल घेतला. मोठ्या स्क्रीनचा. का, ते मला ठाऊक होतं. त्यानंतर तो फोन एकदाही डब्यात पडला नाही.

ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या दिवसांत गेम आला. तहसीलसमोरून भांडी-बिछाने लादलेले ट्रक चालले होते. उत्तरेश्वर आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून दुकानात आला. मी त्याच्या फोनवर गेम टाकून दिला. बाप्या पडद्यावर आला, चालला, वाकला, ऊस तोडू लागला. अगदी खरा.

"ती कवा येती?"

मी म्हटलं, येईल, दम धर. उसाचा पहिला फड संपला. दुसरा संपला. ट्रक आला, फळी लागली, बाप्या मोळी घेऊन फळीवर चढला. खाली कुणी नव्हतं.

मी बाहेर येऊन सत्यमला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. पोरगं वाईट नव्हतं, घाबरलं. "काका, चित्रं हलती करायला फार पैसे गेले. चित्राच्या तिप्पट." म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. "एकच कॅरेक्टर परवडत होतं. आणि पावतीवर एकच होतं ना? हिशोबात एकाचेच पैसे दिसत होते. बाईची चित्रं पेंटरकाकांनी खुशीनं वर टाकली असं आम्ही समजलो."

वर टाकली. भाजीवर कोथिंबीर टाकतात तशी. मला त्याला शिव्या द्यायच्या होत्या, पण पावती माझ्या हातची होती. मीच टाइप केलेला तो एक.

आत येऊन मी सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. उत्तरेश्वर ओरडला नाही. फोनमधला बाप्या एकटाच फडात उभा होता, त्याच्याकडे बघत राहिला.

"मुकादमाच्या वहीत तिचं नाव न्हवतं, तवा मी लई तळतळलो," तो म्हणाला. "लोकांच्या दारी जाऊन भांडलो. अन् माज्यावर लिव्हायची पाळी आली, तवा मीबी न्हाई लिव्हलं."

"चूक माझी हाय, पेंटर. पावती मी केली."

"इचारलं तर तू मलाच हुतंस ना?"

बाहेर एक ट्रक हॉर्न देत गेला, वरच्या बायका कुणालातरी हात हलवत होत्या. त्यानं फोन बंद करून माझ्याकडं सरकवला. म्हणाला, "नवी पावती कर."

"ते आता पैसे देणार न्हाईत बे."

"पैशाचं कोण बोलतंय? कर तू."

मी कॉम्प्युटरसमोर बसलो. तो मागे उभा राहून सांगत गेला. आधी तिचं नाव. मंगल उत्तरेश्वर, पूर्ण, आडनावासकट. त्याखाली त्याचं. मग संख्या.

"दोन," तो म्हणाला.

"रक्कम?"

"ती नगं लिव्हू."

मी कागद छापून दिला. त्यानं नाव वाचलं, बोटानं पुन्हा एकदा वाचलं, आणि घडी घालून आधारकार्डासोबत खिशात ठेवला. तो मोबाइल अजून माझ्या गल्ल्यात पडून आहे. न्यायला तो आला नाही, आणि त्याला ने म्हणायची माझी हिंमत होत नाही.