अक्काने न केलेली चूक

हे बोलायला मला तीन वर्षं लागली. नवऱ्याला ठाऊक नाही, मुलीला नाही, आणि जिला सगळ्यांत आधी कळायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हालाच का सांगतेय — ते मलाही नीट सांगता येणार नाही.

आधी अक्काबद्दल सांगू दे. टाळतेय का मी? असेन. अक्का म्हणजे माझी मोठी नणंद, जोगेश्वरीला आमच्याच घरात राहते. लग्न केलं नाही. ब्लाउज शिवून धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, शिकवलं. मणक्याची दोन ऑपरेशनं झाली, दुखणं काही गेलं नाही. कित्येक वर्षं मॉर्फिनच्या गोळ्यांवर आहे. तरी बाईने उंच टेबल करून घेतलं आणि उभ्याने कापड बेतते! माझ्या पाठीत उसण भरली तर मी दोन दिवस घर डोक्यावर घेते.

आणि गोळ्यांची शिस्त? डॉक्टरांनी समजावलं होतं — या औषधाने श्वास मंदावतो, दुखलं म्हणून जादा घ्यायची नाही, सोबत झोपेची गोळी तर अजिबात नाही, छातीत कफ असला तर जास्तच जपायचं. अक्काने ते एकदा ऐकलं ते कायमचं. गोळी घेतली की टेबलाच्या कडेला शिवणाच्या खडूने एक रेघ. आमच्या बिल्डिंगमध्ये औषधं विरजणासारखी शेजारीपाजारी फिरतात — तुझी गुडघ्याची मला दे, माझी पित्ताची तू घे. अक्काकडून कुणाला कधी एक गोळी मिळाली नाही. खडूस म्हणायचे तिला. मीही म्हणायचे.

त्या आठवड्यात तिला खोकला झाला होता, झोप नव्हती. मी माझ्या झोपेच्या गोळ्या पुढे केल्या. "नको गो," ती म्हणाली, "डॉक्टरान नको म्हणान सांगल्यान हा."

तिथेच संपायला हवं होतं ना? पण दुसऱ्या दिवशी आम्हा मैत्रिणींचं मनोरीला जायचं ठरलं होतं. ती जागी, खोकत बसलेली — मी कशी निघणार? लोक काय म्हणतील? झोपली की सुटले, एवढंच डोक्यात होतं. सकाळी मी गोळी कुटली. एकीने भागेल की नाही म्हणून दोन. आणि पेजेत मीठ घालताना —

घातल्या. मी. तिने नको म्हटल्यावर.

मनोरीला मी मासे खाल्ले, फोटो काढले. दुपारी नवरा लवकर घरी आला म्हणून अक्का वाचली. ती घोरत होती, पण हलवून उठेना. ओठ निळे, श्वास थांबून थांबून. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा डॉक्टर विचारत होते, झोपेचं काही पोटात गेलंय का? सगळे माझ्याकडे बघत होते. सकाळी घरात मीच होते ना. मी म्हटलं — नाही.

मग एकच अर्थ उरला. अक्काने चुकून दोनदा गोळी घेतली. शुद्धीवर आल्यावर तिला तसं सांगितलं, तर म्हणाली, टेबलावर रेघ एकच असेल, जाऊन बघा. एकच होती. मी म्हटलं, "मारायची राहिली असेल, अक्का."

तिने सकाळपासूनचं बोटांवर मोजून पाहिलं. मग म्हणाली, "माझाच चुकला असतला." आणि धावपळ करायला लावली म्हणून तिने आमची माफी मागितली. माझीही!

डॉक्टरांनी डोस उतरवला, दुखणं वाढलं. आता ती टेबलाला टेकून, मध्ये मध्ये थांबत कापते — पण कापते, आणि तक्रारीचा एक शब्द नाही. इतकी मोठी बाई मी दुसरी पाहिली नाही. रेघा मारणं मात्र तिने सोडलं. गोळ्या घरातल्या जबाबदार माणसाकडे ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या माझ्या कपाटात आहेत.

आज जेवणाआधी तिने विचारलं, "सकाळची गोळी घेतलंय मा गो मी?"

मी म्हटलं, घेतलीस. तिने लगेच विश्वास ठेवला.