समोरच्या गॅलरीतून

सत्तरच्या दशकात इतवारीत भांड्यांच्या दुकानावर आमची एकच खोली होती. आठ पावलांत संपायची. रंगवताना अधूनमधून मागे सरून चित्र बघावं लागतं, आणि मी मागे सरलो की थेट स्टोव्हवर. म्हणून मी वेगळीच सोय केली होती. ब्रश ठेवायचा, जिना उतरायचा, हातगाड्या चुकवत गल्ली ओलांडायची आणि समोरच्या मावशींच्या गॅलरीत उभं राहून आपल्याच खिडकीतलं चित्र बघायचं. तेही डोळे किलकिले करून, म्हणजे बारकावे पुसले जातात आणि चूक तेवढी उरते.

चित्र माझ्या मायचं होतं. दुसऱ्या दिवशी प्रदर्शनासाठी द्यायचं होतं आणि खांदे काही केल्या जमेनात. जवळून ठीक, दुरून खोटे. सकाळपासून अकरा खेपा झाल्या. डोकं नुसतं फिरलं होतं. एका हातगाडीवाल्याशी उगाच भांडलोही. माय खिडकीशेजारी स्टुलावर ताठ बसलेली. "हलू नको" म्हणून तिच्यावरही खेकसलो होतो.

बाराव्या खेपेला मावशी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "तू खाली उतरला का तुही माय भितीले टेकते गा. कंबर चोळत राह्यते. तू जिना चढाले लागला का पुन्हा ताठ. तुले दिसून नाही राहिलं का?"

मी डोळे पूर्ण उघडले. चित्राशेजारी माय होती. डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, दोन्ही हात कमरेवर. चार दिवस मी त्याच खिडकीकडे बघत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

धावत वर गेलो. पायरी वाजली तशी ती सरळ झालीच होती.

"टेकून बस माय. जशी हायेस तशीच काढतो तुले."

"काहून? चित्रात तरी ताठ बसू दे नं मले."

मी खांद्यांना हात लावला नाही. चित्र तसंच दिलं, ते नाकारून परत आलं. मायने ते आनंदाने भिंतीवर लावून घेतलं.

ती जाऊन बरीच वर्षं झाली. आता बेसा भागातल्या घरात हवं तेवढं मागे सरता येतं, आणि मी रोज सरतो. खांदे अजून खोटेच दिसतात. हात शिवशिवतात. ब्रश घेऊन जवळ जातो, आणि ती इतकी नीट बसलेली असते की परत फिरतो.