ओमदुरमानच्या अंगणातली माती

नांदूरघाटहून निघाले तेव्हा जीप आमच्या किराणा दुकानासमोरच उभी होती, आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गिऱ्हाइकाला साबुदाणा तोलून देत होत्या. रडारड त्यांना जमत नाही. गिऱ्हाईक गेल्यावर बाहेर आल्या, येसर मसाल्याचा डबा माझ्या मांडीवर ठेवला, त्यावर कागदात गुंडाळलेली विभूतीची गोळी ठेवली आणि म्हणाल्या, "परक्या गावात आधी शेजार बघावा, मंग घर." जीप केजच्या रस्त्याला लागेपर्यंत त्या परत तागडीपाशी पोचल्याही होत्या.

माझा नवरा मन्मथ आधीच सुदानात होता, ओमदुरमान शहरात, एका गुजराती व्यापाऱ्याच्या तिळाच्या गोदामावर. केजच्या आडतीत पोत्यात हात घालून मालाची जात सांगणारा माणूस, तिथंही तेच काम. गावाला वाटायचं आम्ही दुबईच्या आसपास सोन्यात लोळतोय. सोनं नव्हतं, ज्वारी होती. शेजारची हाज्जा आमना ज्वारीचं पीठ आंबवून तव्यावर कागदासारखी पातळ किस्रा काढायची, मी भाकरी थापायचे, आणि आम्ही भिंतीवरून ताटं बदलायचो. तिची मोठी झालेली मुलं, थोरला इद्रीस आणि धाकटा बशीर, मला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, आपल्याकडची मुसलमानांची पोरं म्हणतात तसंच. आम्हाला मूलबाळ नव्हतं. शेजार बघून घर घेतलं होतं, आणि त्यात तरी मी चुकले नाही.

मग लढाई लागली. दोन सेनापती आणि एक खुर्ची. परत आल्यापासून बायका मला विचारतात, "कावून भांडत्यात गं ते?" मला माहीत नाही. तिथल्या लोकांनाही माहीत नव्हतं. आधी घाबरलो, मग घाबरायचाही कंटाळा आला. तोफेचा आवाज झाला की हाज्जा आधी तव्यावरची किस्रा काढायची, करपू नये म्हणून, आणि मग आत जायची. तुमच्यापैकी जे घर सोडून पुण्याला, आखातात गेले, त्यांना पोटापाण्याचं दुःख ठाऊक आहे. हे त्यातलं नाही. यात माणूस नुसता सवयीचा होत जातो.

वीज गेली, नळ गेले. बशीर बायकापोरांना घेऊन इजिप्तकडे निघून गेला. मन्मथना साखरेचा आजार होता आणि इन्सुलिन कुठंच मिळेना. ते हळूहळू गेले, एवढं सांगितलं तरी पुरे.

कब्रस्तानाच्या वाटेवर बंदूकवाले बसले होते, त्यामुळे सगळे आपापली माणसं अंगणातच पुरत होते. आम्ही लिंगायत, आम्हीही पुरतो. पण आमच्यात माणसाला निजवत नाहीत, बसवतात. मांडी घालून, अंगाला विभूती लावून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवून. मंत्र म्हणायला स्वामी नव्हते, आणि हे सगळं मी ऐकून होते, कधी जवळून पाहिलेलं नव्हतं. इद्रीस कुदळ घेऊन लांबट खड्डा आखायला लागला तेव्हा मी त्याला थांबवलं आणि जमिनीवर मांडी घालून बसून दाखवलं. तो बघत राहिला. तुमच्यात मेल्यावरही आडवं होऊ देत नाहीत का, म्हणाला. पण चौकोनी खणलं, खोल खणलं, आणि नवऱ्याला धरून नीट बसवलं. विभूतीची ती गोळी मी सगळी वापरली.

थोड्याच दिवसांत इद्रीस पाण्याच्या रांगेत उभा असताना तोफेच्या गोळ्यानं गेला. त्यालाही त्यांच्या अंगणातच पुरलं. हाज्जानं मला जबरदस्तीनं बंदराकडे जाणाऱ्या बसमध्ये घातलं. ती स्वतः आली नाही. लेकाला अंगणात टाकून कुठं जाऊ, म्हणाली. पुढं, मी गावी परतल्यावर, तीही वारल्याचं कळलं तेव्हा मी भाकऱ्या करत होते. निरोप ऐकला आणि राहिलेल्या भाकऱ्या केल्या.

गावात आले त्या दिवशी आत्याबाईंनी एवढंच विचारलं, "बसवला का नीट?" मी हो म्हटलं. त्यांच्यापाशी लेकाचं तेवढंच उरलं होतं. चहा पिताना कधी मध्येच मावळतीकडे बघून म्हणायच्या, "बसून हाय तिथं." एखाद्याचा मुलगा शेतात वस्तीला असावा तसं. त्या आधारावर त्या सकाळी दुकान उघडायच्या आणि मी घरातली सगळी भांडी पाण्यानं भरून ठेवायचे. नळाला पाणी असलं तरी भरते. सवय जात नाही.

परवा बशीरचा निरोप आला, आवाजातला. लढाई आता दुसऱ्या मुलखात सरकलीय, तो परत आलाय, आणि अंगणांतल्या कबरी उकरून सगळ्यांना कब्रस्तानात हलवतायत. आमचं अंगण त्यानं स्वतः खणलं. म्हणाला, खाला, माझ्या भावाला पुरी कबर खणायलाही वेळ मिळाला नसेल, काका आखडून बसले होते. तो रडत होता. हाताशी एक काळा दगड होता, तो तसाच राहू दिला, म्हणाला. नवं कापड घेतलं, आई आणि इद्रीसच्या शेजारी लांब कबर खणली आणि काकांना उजव्या कुशीवर नीट निजवलं. आता आरामात आहेत.

बसवण्याचं ज्याला मी सांगितलं होतं तो इद्रीसच उरला नव्हता. बशीरवर मला राग आला नाही. खरं तर काहीच आलं नाही. मी त्याला शुक्रान, म्हणजे आभार, म्हणून कळवलं आणि दिवसभर आत्याबाईंना टाळत राहिले. खोटं बोलायला जमलं असतं तर बोलले असते.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी सगळं सांगितलं, बसवलेलं मोडल्याचंही. त्या शेंगदाणे निवडत होत्या. हात थांबला नाही.

"लई दिस बसला गं," त्या म्हणाल्या. "निजू दे आता." मग एक खडा बाजूला टाकून, "कंच्या कुशीवर म्हणला?"

"उजव्या."

"ल्हानपणी बी तसाच निजायचा."

एवढं म्हणून त्या शेंगदाण्यांतले खडे काढत राहिल्या. मला रडू फुटलं, ओमदुरमानला फुटलं नव्हतं ते. त्यांनी मला गप्प केलं नाही, फक्त दुकानाचं फळकूट अर्धं ओढून घेतलं. घर कुठलं असं आता कुणी विचारलं की मी नांदूरघाटच सांगते. पण आमचा माणूस हाज्जाच्या शेजारी निजलाय, आणि शेजार आधी बघावा असं याच दुकानातून मला सांगितलं होतं.