जोईचं लाल कार्ड

आमच्या हॉटेलात हाउसकीपिंगच्या ऑफिसमध्ये एक कपाट आहे. गेस्ट खोलीत विसरून गेलेल्या वस्तू त्यात ठेवायच्या. एकच मोजा, अर्धी अत्तराची बाटली, एकदा तर चक्क कवळी! न्यायला कुणी येत नाही आणि टाकून द्यायची परवानगी नाही. माझ्या मुलीचे किस्से माझ्याकडे असेच साठत गेलेत. जोई अडीच वर्षांची आहे. बारा वर्षं हॉटेलात तऱ्हेतऱ्हेची माणसं बघितली, पण ही बाई काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे तिला वर्षभरासाठी वसईला माझ्या आईकडे पाठवायचं ठरलं. शारजात, अल मजाजला आम्ही राहतो. शेजारच्या शबाना आंटी जोईला दिवसभर सांभाळायच्या, त्या नवऱ्याबरोबर कायमच्या हैदराबादला निघाल्या. माझी शिफ्ट कधी सकाळची, कधी दुपारची. माझ्या बायकोचं, सिंथियाचं, ऑफिस आठ ते सहा. आई फोनवर म्हणाली, "वर्षभराचा तर प्रश्न आहे. पाठव माझ्याकडे." आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांनी हेच केलंय.

सिंथियाने घरून काम करायची परवानगी मागितली होती. मॅनेजर म्हणाला, "इन्शाल्ला." तीन आठवडे आम्ही दोघं त्याचा अर्थ लावत बसलो. मग तिकिटं काढली.

* * *

जोईच्या या किश्श्यांमागे खरी चूक माझीच. सुट्टीच्या दिवशी मी दोन खुर्च्यांवर चादर टाकून जोईला तंबू करून देतो. ती आत जाऊन बसते. मी बाहेरून बोटाच्या पेराने तीनदा टकटक करतो आणि कामावर म्हणतो तसं म्हणतो, "हाउसकीपिंग." आतून उत्तर येतं, "कम लेटर." मग मी "शुअर, मॅडम" म्हणून वाकून मागे फिरायचं. हा खेळ एका बैठकीत तीसेक वेळा होतो.

त्यानंतर तिने घरातली एकही गोष्ट टकटक केल्याशिवाय उघडली नाही. कपाट, बुटांचा रॅक, वॉशिंग मशीन. एकदा फ्रिजसमोर उभी राहून तिने तीनदा टकटक केली, "हाउसकीपिंग" म्हणाली आणि कान लावून थांबली. बराच वेळ थांबली आणि दार न उघडताच परत आली.

"काय झालं? दूध नको?"

"मिल्क इज स्लीपिंग," ती म्हणाली. त्या दिवशी मीही काळा चहाच प्यायलो.

* * *

दर रविवारी चर्चमध्ये शांतीचा हात देतात, म्हणजे शेजारच्याचा हात हातात घेऊन 'पीस' म्हणायचं. जोईला सबंध मिस्साच्या प्रार्थनेत तेवढंच आवडतं. तिला ते इतकं आवडलं की सोमवारी सकाळी तिने लिफ्टमध्ये सुरू केलं. सतराव्या मजल्यापासून खालपर्यंत जो कोणी आत येईल त्याच्यापुढे हात, आणि "पीस."

फिलिपिनो नर्सने हात दिला. पिझ्झावाल्याने खोकं एका हातावर तोलून दुसरा हात दिला. मी उगाच सगळ्यांना सॉरी म्हणत होतो. नवव्या मजल्यावर आमच्या बिल्डिंगमधले इजिप्शियन आजोबा चढले. हे गृहस्थ गेल्या चार वर्षांत माझ्याशी एक अक्षर बोललेले नाहीत. जोईने हात पुढे केला, "पीस."

आजोबांनी काठी काखेत मारली, दोन्ही हातांत तिचा हात घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, "वअलैकुम अस्सलाम."

म्हणजे तुलाही शांती लाभो. तिचं समाधान झालं. आमच्या फादरना हे सांगावं की नाही, ते मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही.

* * *

मग ते कार्ड आलं. हॉटेलात दाराच्या मुठीला अडकवायची कार्डं बदलली, तेव्हा जुन्यातलं एक मी घरी आणलं. एक बाजू लाल, एक हिरवी. जोईला समजावलं, हिरवं म्हणजे या. लाल म्हणजे कुणीही यायचं नाही, हातसुद्धा लावायचा नाही. डॅडीच्या बॉसनेसुद्धा नाही. आणि ते ज्याने लावलं त्यानेच काढायचं.

तिने मान हलवली. संध्याकाळी भेंडीच्या भाजीच्या ताटलीवर लाल कार्ड आणि बिस्किटांच्या डब्यावर हिरवं! कार्ड एकच असल्यामुळे ती ते उचलून इकडून तिकडे पळवत होती. आता नियम माझाच, त्यामुळे भेंडीला हात लावायची मला सोय उरली नाही.

दुसऱ्या शनिवारी सिंथिया दुपारी आडवी झाली तर जोईने तिच्या पायाच्या अंगठ्याला लाल कार्ड अडकवलं आणि दारात फतकल मारून बसली. शबाना आंटी बिर्याणी घेऊन आल्या, त्यांनाही ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं. सिंथिया अडीच तास झोपली. उठल्यावर मला म्हणाली, "लग्नाला सात वर्षं झाली. तुला हे का नाही सुचलं?"



* * *

वसईचं तिला आम्ही दोघांनी जवळ बसवून सांगितलं. आजीकडे जायचं. तिथे कोंबड्या आहेत, विहीर आहे. मम्मा सोडायला येईल आणि आठ दिवसांनी परत येईल. डॅडी फोनवर दिसेल.

"ओके," ती म्हणाली, आणि पाणी प्यायला गेली.

मी तिच्या रडण्याची तयारी करून बसलो होतो. ओकेचं काय करायचं?

बॅग भरताना तिने मनापासून मदत केली. इथून जाणारा प्रत्येक माणूस करतो तसं आम्ही वजनकाट्यावर बॅग चढवून बघितली. मर्यादा तीस किलोची, काटा दाखवतो चौतीस. उघडून बघितलं तर आत माझे कामाचे बूट, सिंथियाची ऑफिसची बॅग आणि टीव्हीचा रिमोट. सगळं काढलं. पुन्हा वजन केलं, पुन्हा जास्त. बूट परत आत! माझे बूट वसईला कशाला, असं विचारलं तर ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच वेड्यासारखं काहीतरी विचारलं होतं.

बूट तिसऱ्यांदा काढताना सिंथिया बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बराच वेळ आतच राहिली. मी टकटक केली नाही.

* * *

जायच्या दिवशी दुपारचं विमान होतं. टॅक्सी खाली येऊन उभी राहिली. जोईचं तापाचं औषध बॅगेत घालायचं राहिलं होतं, म्हणून मी बॅग उघडायला हॉलमध्ये गेलो.

बॅगेच्या मुठीला कार्ड अडकवलेलं होतं. लाल बाजू वर. शेजारी जोई, नवा फ्रॉक, पायात एकच सँडल, हाताची घडी घालून उभी.

"काढ ना ते," सिंथिया मागून हळूच म्हणाली. "उशीर होतोय."

बारा वर्षांत लाल कार्डाच्या दाराला मी हात लावलेला नाही. मी गुडघ्यांवर बसलो आणि बॅगेवर तीनदा टकटक केली.

"हाउसकीपिंग."

जोईने माझ्याकडे बघितलं नाही. बॅगेकडेच बघत राहिली.

"कम लेटर, डॅडी."

"शुअर, मॅडम," मी म्हणालो. पुढे काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं, म्हणून मी तसाच बसून राहिलो.

सिंथियाने पर्समधून फोन काढला आणि टॅक्सीवाल्याला लावला.

"भैया," ती म्हणाली, "आप जाओ."